लाल खिळ्यावरची साखळी

मी, हर्मिना अरेंड वेसेलिंक, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण हायस्कूल पास, काम घरसंसार आणि वेसेलिंक मिल सप्लाय या आमच्या दुकानाच्या वह्या, राहणार न्यू ड्रेंटे, आयोवा, देवपित्याला स्मरून हे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी भाग पाडलेले नाही. डावा गुडघा सोडला तर तब्येतीचीही तक्रार नाही. माझा नवरा अरेंड हयात असताना आम्ही दोघांनी जे मृत्युपत्र केले होते ते मी रद्द करते.

वकील मि. स्टर्क यांनी छापील मसुदा दिला होता. त्याची मागची बाजू कोरी होती, म्हणून तिच्यावरच लिहीत आहे. जिथे खोडले आहे तिथे माझी आद्याक्षरे आहेत. मि. स्टर्क म्हणाले, नवीन कागद घ्या. मी म्हटले, या कागदाला काय झाले आहे?

कलम १. तिसऱ्या रस्त्यावरचे राहते घर, आतल्या सामानासह, माझा मुलगा कर्टिस याला द्यावे. तो डेन्व्हरला असतो आणि घर विकणार हे मला ठाऊक आहे. विकेपर्यंत एक हिवाळा गेलाच तर थंडीत बाहेरून लावायच्या जादा खिडक्यांच्या चौकटींवर मी आतून आकडे घातले आहेत, ते बघून लावाव्यात. मागच्या वेळी त्याने स्वयंपाकघराची खिडकी जिन्याच्या खिडकीवर ठोकली होती. माझे वाटाण्याच्या सूपचे मोठे पातेले अल्बर्टा कुइकन हिच्याकडे १९८८ पासून आहे. ते तिला दिले असे समजावे. निदान आता तरी तिने ते चोरून वापरू नये.

कलम २. बँकेत जे काही असेल त्यातला तिसरा हिस्सा आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, गरिबांच्या निधीला द्यावा. नव्या गालिच्याला नव्हे. जुना गालिचा चांगला आहे. उरलेले सगळे लोईस पॉपेन हिला द्यावे. कर्टिस विचारेल की ही कोण. कलम ५ वाचावे.

कलम ३. दुकानाबद्दल दोन शब्द आधी लिहिते, कारण कर्टिस ते चौरस फुटांत मोजतो.

या जिल्ह्यात एक लोखंड ओतायची फाउंड्री आहे, दोन पशुखाद्याच्या गिरण्या, एक खिडक्यांचा कारखाना, एक अंड्यांचा, आणि शेतीची अवजारे बनवणारे चौघे. यांच्यापैकी एकालाही आपल्या यंत्राचा पट्टा किती इंची ते सांगता येत नाही. ते फोन करून म्हणतात, "तोच हो, मागच्या वेळचा." मागच्या वेळचा म्हणजे कोणता ते आमच्या कार्डांवर असते. दर यंत्राला एक कार्ड, माझ्या अक्षरात. यंत्र विकले जाते, मालक मरतो, कारखान्याचे नाव बदलते, कार्ड तेच राहते. गिरणीचे बेअरिंग गेले आणि ते शिकागोहून मागवावे लागले तर तीन दिवस जातात, आणि तीन दिवस गिरणी बंद म्हणजे अख्ख्या जिल्ह्याची डुकरे उपाशी. म्हणून अरेंड अशाही वस्तू फळीवर ठेवायचा ज्या एकाच गिऱ्हाइकाला लागतील, तेही दहा वर्षांत एकदा. मी कुरकुर करायचे. तो म्हणायचा, "मिना, ती वस्तू इथं आहे हे त्यांना ठाऊक असतं. म्हणून ते निवांत झोपतात."

कार्डांचे सगळे ड्रॉवर ज्या त्या कारखान्याला वाटून द्यावेत. आपापल्या यंत्रांची कार्डे त्यांनी जपावी.

अरेंडचे पितळी कॅलिपर, ज्याने तो साखळीच्या कड्या मोजायचा, ते माझ्याबरोबर पेटीत ठेवावे. यावर कोणाला हसू आले तर हसावे.

कलम ४. ~~दुकान, जागा, माल, गाडी आणि नाव, हे सर्व डार्ला टिमर हिला द्यावे. ती सोळा वर्षे माझ्यासमोरच्या टेबलावर बसते आहे. माझ्याहून जास्त यंत्रे तिला तोंडपाठ आहेत. फोनवरचा माणूस नुसता खोकला तरी कोणता पट्टा तुटला ते तिला कळते. ती हार्म टिमरची मुलगी आहे, आणि म्हणून तिलाच द्यावे.~~ (खोडले. ह. वे. कारण कलम ७ मध्ये.)

कलम ५. हे मी चौतीस वर्षे लिहिले नाही.

दुकानाच्या मागच्या भिंतीवर, दाराच्या उजवीकडे, लाल रंगाने रंगवलेला एक खिळा आहे. अरेंडने तो दुकान उघडले त्याच आठवड्यात ठोकला. भार उचलायच्या साखळ्या आम्ही विकायचो, आणि गिऱ्हाईक नवी नेताना जुनी आणून द्यायचे. त्या जुन्या साखळीच्या दहा कड्यांची लांबी अरेंड मोजायचा. ताणून लांबलेली, म्हणजे भाराखाली कधीही तुटेल अशी, निघाली की ती लाल खिळ्यावर. लाल खिळ्यावरची वस्तू मेली, असा आमच्या दुकानाचा कायदा होता. आठवड्याभरात तो तिचे तुकडे करायचा.

एक साखळी मात्र त्याने तशीच ठेवली. नवीन गिऱ्हाईक आले की त्याला तिथे नेऊन दाखवायचा, बोटाने कड्या दाखवून सांगायचा की बघा, डोळ्यांना काही दिसतं का? नाही दिसत. म्हणून मोजायची. ती अकरा महिने तिथे लटकली. चांगल्या पोलादाची, गंज नाही, वाकडी नाही.

मी शनिवारी दुपारी दुकान झाडायला जायचे. आमच्या घरात दोरा संपला तरी रीळ टाकत नसत. पावाच्या पिशव्या धुवून वाळत घालायच्या, पाकिटे उलटी करून पुन्हा वापरायची, हे मला कोणी शिकवले नाही, ते दुधातून आले. त्या साखळीकडे बघून मला दर शनिवारी वाईट वाटायचे. १९७४ च्या सप्टेंबरात एका शनिवारी मी ती खाली काढली. रॉकेलने धुतली, चिंधीने पुसली. साखळीला ती किती भार पेलते ते लिहिलेला बिल्ला लागतो, तो तिला नव्हता. ड्रॉवरमध्ये तुकडे केलेल्या एका साखळीचा बिल्ला पडून होता, त्याच मापाचा. तो मी तारेने लावला. आणि ती विक्रीच्या ओळीत, शेवटच्या जागी, अडकवली. मनात आले, अरेंडला सोमवारी सांगीन. सोमवारी कपडे धुवायचे असतात. मी विसरले. अरेंडने लाल खिळा रिकामा बघितला आणि त्याला वाटले, हार्मने तुकडे केले. हार्मला वाटले, अरेंडने केले. दोघे कमी बोलणारे.

हार्म टिमर आमचा काउंटरवरचा माणूस. बावीस वर्षे. त्याचा हात डोळे मिटून बरोबर फळीवर जायचा. ऑक्टोबरात एका बुधवारी फाउंड्रीतून फोन आला, क्रेनची साखळी आजच पाहिजे. हार्मने ओळीतली शेवटची काढली आणि स्वतः गाडीने नेऊन दिली.

शुक्रवारी ओतलेला साचा उचलताना कडी उघडली. खाली एल्मर पॉपेन होता. वय एकोणतीस.

एल्मर मागच्याच आठवड्यात दुकानात आला होता. मला म्हणाला, "बाई, तुमच्याकडे डावा एकटा हातमोजा मिळेल का? माझा नेहमी डावाच फाटतो, उजव्यांचा ढीग झालाय घरी." माझ्याकडे एक डावा होता. कोणाचा तरी उजवा हरवला म्हणून मी ठेवून दिलेला. मी तो त्याला फुकट दिला. तो इतका हसला की हार्मही हसला, आणि हार्म वर्षातून दोनदा हसायचा. एल्मरला पेटी बंद ठेवून पुरले. फाउंड्रीने त्याच्या वस्तू कागदी पिशवीत घालून लोईसला दिल्या, त्यात तो हातमोजा होता. लोईस ही त्याची बायको. तिने मला तो दाखवला. मी हातात घेतला, आणि परत दिला.

चौकशीला आलेल्या माणसाने उरलेल्या कड्या मोजल्या. बिल्ला एकीचा, साखळी दुसरीची. सगळ्यांनी धरले की हार्मने घाईत लाल खिळ्यावरची उचलली आणि हाताला येईल तो बिल्ला लावला. हार्म एकदाच म्हणाला, "मी ओळीतून काढली." अरेंडने विचारले, "मग ती ओळीत आली कशी?" हार्मने माझ्याकडे बघितले. मी पाकिटे उलटी करत होते.

त्याने स्वतःच काम सोडले. निघताना एप्रन घडी करून माझ्या टेबलावर ठेवला आणि हळू म्हणाला, "बाई, मी हुकाचं तोंड भिंतीकडे करून लावतो. म्हणजे कुणाची बाही अडकत नाही. त्या साखळीचा हुक बाहेर तोंड करून होता. मी तेव्हाच बघायला पाहिजे होतं." आणि उभा राहिला. तो किती वेळ उभा राहिला ते मी सांगू शकते, कारण घड्याळ समोर होते. तीन मिनिटे. मी म्हटले, "कॉफी घेणार?"

तो नको म्हणाला.

त्यानंतर सतरा वर्षे त्याने गिरणीत पोती शिवली. मंडळीचे वडील लोक त्याच्या घरी जाऊन समज देऊन आले, आणि तो चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसू लागला. मेन स्ट्रीटवर दुकानासमोरच्या कॅफेत सकाळी दहाला गावातले पुरुष कॉफीला जमतात. तिथे कोणीतरी म्हणायचे, "हार्म, कप बघून घे रे बाबा, तळ आहे ना त्याला?" दर वेळी तेच, आणि दर वेळी हसायचे. तो कॉफी संपवायचा, कप बशीत उलटा ठेवायचा आणि जायचा. तरी रोज यायचा. १९९१ मध्ये वारला. त्याच्या मातीच्या दिवशी चर्चच्या तळघरात मीच कॉफी वाढली.

मी लिहून ठेवते की ती साखळी मी काढली, मी धुतली, मी बिल्ला लावला, मी अडकवली. हार्म टिमरने ओळीतून काढली. तो खरे बोलला.

हेही लिहिते, कारण शपथेवर लिहीत आहे. आमच्या मंडळीत भुतेखेते मानत नाहीत, मीही मानत नाही. पण १९७४ च्या नोव्हेंबरपासून दर शनिवारी मी दुकान झाडायला जाते तेव्हा साखळ्यांच्या ओळीत शेवटचा हुक बाहेर तोंड करून असतो. बाकीचे सगळे भिंतीकडे. मी फिरवून ठेवते. पुढच्या शनिवारी पुन्हा बाहेर. शेवटची साखळी विकली गेली की तिच्या जागी जी येते तिचा. कधी झाडताना पाठीमागे कडीवर कडी बसल्याचा आवाज होतो, एकच. मी वळत नाही. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षारसाच्या लहान पेल्यांचे तबक बाकावरून पुढे येते ना, तोही आवाज तसाच येतो. चौतीस वर्षे मी तबक हातात घेते आणि पुढे देते. पाप कबूल केल्याशिवाय तो प्यायचा नसतो, म्हणून पेला उचलत नाही. शेजारची अल्बर्टा कुइकन हे जाणते आणि कधी बोलली नाही. म्हणून पातेले.

कलम ६. ~~माझ्या मातीनंतर चर्चच्या तळघरात, हॅम भरलेले बन वाढण्याआधी, पाळकांनी कलम ५ सर्वांना मोठ्याने वाचून दाखवावे.~~ (खोडले. ह. वे.)

कलम ७. हे सहीच्या दिवशी सकाळी, दुकानाच्या काउंटरवर लिहीत आहे.

काल सोमवारी मी हे सगळे पान डार्लाला वाचायला दिले. दुकान तिला मिळणार, तर ते का मिळते आहे हे तिला कळलेच पाहिजे. मि. स्टर्क म्हणाले होते की गरज नाही. मला होती.

तिने उभ्यानेच वाचले. मध्ये फोन वाजला, तिने घेतला, अंड्यांच्या कारखान्याला पट्ट्याचे माप सांगितले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग चष्मा काढला.

"मला ठाऊक होतं, टांटे मिना," ती म्हणाली. गावातली तिच्या वयाची सगळीच मला टांटे, म्हणजे मावशी, म्हणतात. "बाबांनी मरायच्या आधी सांगितलं. म्हणून तर मी इथं नोकरीला आले. हुक मी फिरवते. दर शुक्रवारी, दुकान बंद करताना."

मी विचारले, का. 

"वाटलं, एक ना एक दिवस तुम्ही विचाराल की हा कोण फिरवतं. मग मी सांगणार होते. तुम्ही विचारलंच नाही. नुसता परत फिरवून ठेवायच्या."

मी खुर्चीत बसले. तिने पाणी आणून दिले. मग मी तिला म्हटले की तू तर ब्याण्णव साली आलीस. त्याच्या आधीची अठरा वर्षे?

तिने माझ्याकडे बघितले. तिला खरेच माहीत नव्हते. तेव्हा दुकानाच्या किल्ल्या दोनच होत्या, एक माझ्याकडे आणि एक अरेंडकडे. अरेंड कमी बोलायचा. शुक्रवारी तो माझ्या बऱ्याच वेळाने घरी यायचा. त्याने मला काही विचारले नाही, आणि जाईपर्यंत शनिवारी मला दुकान झाडायला पाठवत राहिला. हुक फिरवणारा तो असेल तर मी त्याच्याशेजारी सत्तावीस वर्षे झोपले. तो नसेल तर मला त्यावर काही लिहायचे नाही.

डार्लाने कलम ४ वर बोट ठेवले. "हे काढा."

मी म्हटले, दुकान तुझेच आहे, तू नाही घेतलेस तर कर्टिस त्या शिकागोच्या मोठ्या कंपनीला विकील, ते माल उचलतील आणि इथे कुलूप लावतील, आणि मग गिरणीवाले कुणाला फोन करणार?

"ते मला कळत नाही का? सोळा वर्षं फोन मीच उचलते ना?" तिचे डोळे भरले होते, पण आवाज काउंटरवरचाच होता. "दुकान घेतलं की लोक काय म्हणतील? हार्मच्या पोरीनं म्हातारीकडून लिहून घेतलं. बाबांचं नाव परत येईल आणि त्याच दिवशी पुन्हा जाईल. वकील म्हणाले ना, ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार व्हायचं नाही? मग मला काही नको. मी साक्षीदार होते."

मी खोडले. दुकान कर्टिसला द्यावे. विकण्याआधी त्याने डार्लाला, ती विकत घेते का, असे विचारावे अशी माझी विनंती आहे. विनंतीच, कारण मि. स्टर्क म्हणतात की सक्ती केली तर ते पुन्हा देणे होते. कर्टिस, तुझ्या बापाची आण. विचार.

मग तिने कलम ६ वर बोट ठेवले.

"हेही काढा. तुम्ही गेल्यावर वाचणार? तेव्हा लोक काय म्हणतात ते तुम्हाला ऐकू येणार नाही, टांटे. माझ्या बाबांना सतरा वर्षं ऐकू येत होतं."

काल मी घरी गेले. जेवण केले, प्रार्थना केली, ताट धुतले. आज सकाळी येऊन ते खोडले.

डार्लाबरोबर साक्षीदार म्हणून फाउंड्रीतला दुरुस्तीवाला गॅरी फान झी सही करणार आहे. तो बेअरिंग न्यायला आला होता. त्याला म्हटले, वाचून घे. म्हणाला, "बाई, तिकडं कन्व्हेयर बंद पडलाय, वाचायला कुठं वेळ? काही वाईट नाही ना यात?" मी म्हटले, आहे. तो थांबला आहे.

डार्ला मागच्या भिंतीशी उभी आहे. शेवटच्या हुकाला तिने हात लावलेला नाही. तो बाहेर तोंड करून आहे, आणि आज मी तो फिरवणार नाही. परत आल्यावर बघू.

सही झाली की हा कागद घडी करून मी पर्समध्ये ठेवते आणि रस्ता ओलांडून कॅफेत जाते. बायका दहाच्या कॉफीला बसत नाहीत. हार्मची खिडकीजवळची खुर्ची असायची, तिथे मी उभी राहून कलम ५ वाचीन, पहिल्या ओळीपासून. चष्मा घेतला आहे.

हे सर्व मी राजीखुशीने, शुद्धीवर राहून, देवाच्या समक्ष लिहिले आणि वाचून बघितले.

सही: हर्मिना अरेंड वेसेलिंक

साक्षीदार १: गॅरी फान झी, फाउंड्री. वाचले. कन्व्हेयर थांबू दे. मी सोबत येतो.

साक्षीदार २: डार्ला टिमर, हार्म टिमरची मुलगी. या मृत्युपत्रातून मला काहीही मिळत नाही.

स्थळ: वेसेलिंक मिल सप्लाय, मेन स्ट्रीट, न्यू ड्रेंटे, आयोवा
तारीख: १४ ऑक्टोबर २००८, मंगळवार
वेळ: सकाळी दहाला पाच कमी